पांढरं नव्हे, निळं

हरिभाऊ मास्तरांची आणि माझी पहिली गाठ शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पडली. भिंतीवर मी कोळशानं त्यांचंच चित्र काढत होतो. पागोटं, भलंथोरलं नाक, हातात छडी. मास्तर पाठीमागं कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही. मला वाटलं, आता कान हातात येणार. त्यांनी भिंत निरखून पाहिली आणि म्हणाले, "नाक जमलंय. पण त्याला सावली कुठाय? शनिवारी दुपारी माझ्या वर्गाला येऊन बस."

मास्तरांच्या साठीच्या या गौरवग्रंथात शिकल्यासवरल्या मंडळींचे लेख आहेत. माझी शाळा इंग्रजी तिसरीत आटोपली. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवून मी पोट भरतो. तेव्हा बोलतो तसंच लिहितोय, सांभाळून घ्यावं.

शनिवारचा वर्ग मास्तरांनी स्वतःच्या हौसेनं चालवला. खिडक्या लावून घ्यायचे, एकच झडप उघडी ठेवायचे, आणि तांबट आळीतून आणलेलं घंगाळ टेबलावर मांडायचे. आधी ते काढायचं. मग मास्तर फडक्यात गुंडाळलेली चित्रं सोडायचे. विलायती मासिकांतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली, तीन-चारशे वर्षांपूर्वीची, इटलीतली नि हॉलंडातली. मास्तर सांगायचे, "पूर्वी तिथले चितारी सोनेरी पाटीवर सपाट देव काढीत. मग कुणीतरी देवाच्या पायाखाली जमीन घातली, मागं लांब जाणारा रस्ता घातला, आणि देवाच्या आईला शेजारच्या बाईचा चेहरा आला. हॉलंडवाल्यांनी तर देवच बाजूला ठेवून जेवणाचं टेबल काढलं."

त्या टेबलावर अर्धं सोललेलं लिंबू, कलंडलेला पेला आणि चक्क माणसाची कवटी. मी विचारलं, "मास्तर, ताटाशेजारी कवटी? यांना विटाळ नाही का होत?"

वर्ग फिदीफिदी हसला. मास्तर शांतपणे म्हणाले, "सगळं नाशिवंत आहे असं आपले कीर्तनकार तोंडानं सांगतात. यांनी ते ताटाशेजारी मांडून ठेवलं."

अडचण एकच होती. ही सगळी चित्रं काळी-पांढरी. खरे रंग नाशकात कुणीच पाहिले नव्हते, मास्तरांनीसुद्धा नाही. त्यांचं सगळ्यात आवडतं चित्र म्हणजे मांडीवर बाळ घेतलेली आई. तिचं वस्त्र पांढरंशुभ्र आणि मागं काळाकुट्ट पडदा. मास्तर गहिवरून सांगायचे, "पांढरं म्हणजे पावित्र्य. काळं म्हणजे जग. त्या जगात ही एकटी बसली आहे." तीस वर्षं हेच सांगितलं, आणि आम्ही पोरांनी हेच गिरवलं.

पुढं मला एका नाटक मंडळीचा गोकुळाचा पडदा मिळाला. मी मास्तरांची आठवण ठेवून यशोदेला पांढरं नेसवलं आणि मागं काळा रंग फासला. पडदा उघडला तशी बायकांच्या बाजूनं आवाज आला, "अगं बाई, नंद गेला की काय!" सगळं थेटर हसलं. मॅनेजर माझ्या अंगावर धावून आले. दुसऱ्या दिवशी मास्तर आपण होऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "पोराला बोलू नका. शिकवणारा मी आहे." असा पाठीशी उभा राहणारा गुरू मला तरी दुसरा भेटला नाही.

गेल्या वर्षी आमच्यातला गणू, जो मुंबईला छापखान्यात आहे, सुट्टीवर आला. नाशिक रोडला उतरला तो थेट मास्तरांकडे. मला वाटेत गाठून सोबत नेलं. त्यानं पिशवीतून त्याच आईचं चित्र काढलं, पण रंगीत. वस्त्र निळंशार! पडदा तांबडाभडक! गणूनं सांगितलं, जुन्या फोटोत निळं पांढरं उमटतं आणि तांबडं काळं.

मास्तर चित्राकडे बघत राहिले. मग काकूंकडे पाणी मागितलं.

त्या शनिवारी वर्ग भरला नाही. पुढच्याही नाही. काकू म्हणाल्या, "चित्रांचं गाठोडं माळ्यावर टाकलंय. म्हणतात, आंधळ्यानं आंधळ्यांना वाट दाखवली." अशात साठीच्या सत्काराचं ठरलं, तर मास्तरांनी साफ नकार दिला. जुन्या विद्यार्थ्यांनी मला पुढं घातलं, कारण मला बोलायला लाज वाटत नाही.

"मास्तर, सत्काराला नाही का म्हणता?"

"कसला सत्कार? तीस वर्षं पोरांना खोटं सांगितलं."

"तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?"

"मग ठाऊक नाही म्हणायचं होतं. मी वर आणखी पावित्र्याचं पुराण लावलं."

मी तोंडाला आलं ते बोललो, "मास्तर, तुम्ही गाठोडं माळ्यावर टाकून मोकळे. पण ज्यांना शिकवलंत त्यांच्या डोक्यात ती आई जन्मभर पांढरीच राहणार. त्यांना कोण सांगणार?"

मास्तरांनी उठून माझ्या हातावर पैसे ठेवले. मग म्हणाले, "पोस्टातून कार्डं घेऊन ये."

आठवडाभर ते लिहीत होते. वर्गाच्या जुन्या वह्यांतून नावं काढली, गावं शोधली. प्रत्येक कार्डावर तोच मजकूर: 'आईचे वस्त्र निळे आहे, पडदा तांबडा. मी चुकीचे सांगितले होते. दुरुस्त करून घ्यावे.' खाली सही. सटाण्याला शेती करणाऱ्याला गेलं, मुंबईला कारकुनी करणाऱ्याला गेलं. काहींची कार्डं पत्ता न सापडून परत आली. ती मास्तरांनी जपून ठेवली आहेत, अजून चौकशी करतात.

गाठोडं खाली आलं. वर्ग पुन्हा भरतो. एखाद्या पोरानं रंग विचारला की मास्तर सांगतात, "ठाऊक नाही. तुला कळला तर मला सांग." सत्काराला ते कबूल झाले ते एका अटीवर: ही चूक ग्रंथात छापायची, आणि ती माझ्या हातून. यशोदेपायी माझं हसं झालं होतं, म्हणून तो मान माझा, असं त्यांचं म्हणणं.

मास्तर, अट पाळली. आता आमचं मागणं रामरायाकडे. मास्तरांचे डोळे आणि गुडघे धड राहोत, काकूंची साथ राहो, आणि शंभरीच्या शनिवारीही त्यांनी आम्हाला वर्गात बसवावं. कारण बरोबर सांगणारे पुष्कळ भेटतात. चुकलो हे घरोघरी कळवणारे आम्हाला हे एकच मिळाले आहेत.