कामावरचं सेटिंग

डोमाजी मिस्त्रींच्या खिशात तपकिरीची एक जुनी डबी असायची आणि त्या डबीत हेल्याच्या शेपटीचे केस. आमच्याकडे रेड्याला हेला म्हणतात. रस्त्याने जाताना जुंपलेला हेला उभा दिसला की मिस्त्री मालकाला न विचारता त्याच्या मागे जायचे, दोन केस उपटायचे आणि लाथ बसायच्या आत बाजूला व्हायचे. हे केस कार्बोरेटरच्या जेटसाठी. जेट म्हणजे पितळेचा वाटाण्याएवढा तुकडा, त्याच्या मधोमध बारीक छिद्र. त्या छिद्रातून जेवढं पेट्रोल जाईल तेवढंच इंजिनाला मिळतं. छिद्रात कचरा अडकला की बहुतेक लोक तार घालून मोकळं करतात. मिस्त्रींना तार घालणाऱ्यांचा मनापासून राग होता.

“तार घातली ना?” गिऱ्हाइकाने पाठीवरचा फवारणी पंप खाली ठेवायच्या आतच ते विचारायचे.

“थोडीशीच, मिस्त्री.”

“थोडीशीच! तोंड मोठं करून ठेवलं त्याचं. आता पेट्रोल पिऊन राहिलं तर मले कायले शिव्या देतेस?”

केशोरीत आमचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाला लागून टिनाचं छप्पर आहे आणि त्याखाली मिस्त्री बसत. त्यांच्यापुढे फवारणीचे पंप, पाणी ओढायची छोटी टू-स्ट्रोक इंजिनं, एखादी जुनी मोपेड. मी लहानपणापासून मावशीकडे गोंदियाला राहिले, इंग्रजी शाळेत शिकले, पुढे बीएस्सीही तिथेच केलं. सुट्टीत घरी आले की बाबा मला गल्ल्यावर बसवायचे. कोणी बोलू नये म्हणून मी समोर पुस्तक उघडून ठेवायचे. गावातलं बोलणं मला सगळं कळायचं, पण माझं मराठी ऐकून लोक हसतात हेही कळायचं.

अशाच एका सुट्टीत उघड्या पुस्तकावर एक काळाकुट्ट हात आला. बोटांच्या चिमटीत जेट होतं.

“आरपार पाह्य व. माज्या डोळ्याले जवळचं दिसत नाई. उजेड पुरा गोल दिसते का कापलेला?”

मी जेट दारातल्या उजेडाकडे धरलं. “गोल,” मी म्हटलं.

“बस. एवढंच पायजे होतं.”

तेव्हापासून ते माझं काम झालं. चार वर्षांत मी मिस्त्रींशी जे बोलले ते बहुतेक एका शब्दाचं होतं: गोल किंवा कापलेला. ते मला इंग्लिशबाई म्हणायचे. मार्क किती पडले, लग्नाचं काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते आवडायचं.

त्यांचा एक नियम होता. इंजिन दुकानात कितीही छान चाललं तरी ते काम झालं म्हणायचे नाहीत. स्क्रू ड्रायव्हर आणि पाना दुपट्ट्यात बांधून, सायकल काढून ते गिऱ्हाइकाच्या शेतावर जायचे. तिथे पाणी ओढण्याचा जोर पडला की इंजिनाचा आवाज बदलतो. मग ते इंजिनाजवळ बसत, मान खाली घालत, डोळे मिटत आणि हवेचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत. बराच वेळ नुसते ऐकत राहायचे. त्या वेळी त्यांना हाक मारली तर शिवी मिळायची. लोकांना हे माहीत होतं, म्हणून कोणी मारत नसे.

“इथं ते पाहुना हाय,” ते छपराखालच्या इंजिनाकडे हात करून सांगायचे. “पाहुना गोडच बोलते. घरी गेल्यावर त्याचा खरा आवाज निघते. मी कामावरच सेटिंग करतो.”

शेवटी ते प्लग काढून बघायचे. त्याचं टोक चहाच्या रंगाचं झालं की समाधान. धुराच्या नळीपुढे तळहात धरायचे आणि मालकाला दाखवायचे: काजळी नाही, तेलाचा थेंब नाही. धूर न दिसणारं इंजिन ही त्यांची सही होती.

पण उन्हाळी धानाला पाणी लागतं आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली जातं. इतक्या खालून ही छोटी इंजिनं वरून पाणी ओढू शकत नाहीत. मग दोर बांधून इंजिनच विहिरीच्या भिंतीतल्या टप्प्यावर उतरवतात. मिस्त्रींचा नियम तिथेही तोच. इंजिन खाली, तर मिस्त्री खाली.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात ते अशाच एका विहिरीतून आले आणि टिनाखाली आडवे झाले. डोकं ठणकत होतं, उलटी झाली होती. चेहरा लालसर दिसत होता. “ऊन लागलं,” ते म्हणाले. आठ दिवसांनी पुन्हा तसंच झालं. त्या वेळी दुकानात चार-पाच माणसं होती. मला कॉलेजच्या पुस्तकातलं पान आठवलं. वास नसलेला, रंग नसलेला वायू. सगळं वाक्य इंग्रजीत डोक्यात तयार होतं.

“काका,” मी म्हटलं, “ऊन नाही. तो धूर असेल. विहिरीतून तो बाहेर जात नाही.”

मिस्त्री उठून बसले. “माज्या इंजनाले धूर? पाह्यला का तू?”

“न दिसणारापण असतो.”

“न दिसनारा धूर!” त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. “कॉलेजात दाखवते का व तुले, इंग्लिशबाई? दिसत नाई तर दाखवते कसा?”

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, आणि त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पुढे काय बोलायचं ते मला माहीत होतं, पण मी पुस्तक उचललं आणि आत गेले.

मागच्या वैशाखात ताराचंदभाऊ इंजिन घेऊन आले. नवेगावच्या रस्त्याला त्यांची शेती आहे. इंजिन चालू व्हायचं, पाण्याचा जोर पडला की बसायचं. मिस्त्रींनी जेट काढलं, पेट्रोलमध्ये बुडवलं, हेल्याचा केस दुहेरी करून आरपार ओढला आणि माझ्यासमोर धरलं.

“गोल,” मी म्हटलं.

इंजिन जोडलं, दोरी ओढली. ते एका सुरात चाललं. मिस्त्रींनी ते बंद केलं आणि दुपट्टा बांधायला घेतला.

“किती खाली आहे?” मी ताराचंदभाऊंना विचारलं.

“पंधरा हात असन. पानीच नाई ना व औंदा.”

गल्ल्यापुढे तीन माणसं उभी होती. एकजण युरियासाठी घाई करत होता. मिस्त्रींनी सायकल काढली. मी गल्ल्यावरून उठून दारापर्यंत गेले.

“काका, काळजी घ्या.”

ते थांबले. “कायची व?”

ते खरंच विचारत होते. पाय पेडलवर ठेवून उत्तराची वाट बघत होते.

“काही नाही,” मी म्हटलं.

पुढचं ताराचंदभाऊंनी सांगितलेलं आहे. इंजिन टप्प्यावर ठेवलं, मिस्त्री पायऱ्या उतरून त्याच्याशेजारी बसले. दोरी ओढली, पाणी वर आलं. आधी आवाज अडखळत होता. मग स्क्रू फिरवल्यावर सरळ झाला. ताराचंदभाऊ पाणी बघायला पलीकडच्या धानाच्या बांधीत गेले. परत येऊन त्यांनी विहिरीत डोकावलं, तर मिस्त्री भिंतीला टेकून बसलेले, मान खाली, डोळे मिटलेले.

“मले वाटलं, आयकून राहिले,” ताराचंदभाऊ म्हणाले. “आवाज इतका चांगला येऊन राहिला होता. म्हनून मी हाकच नाई मारली. पुन्हा पान्याकडं गेलो.”

दुसऱ्यांदा डोकावलं तेव्हाही मिस्त्री तसेच होते. तेव्हा त्यांनी शिवीची तयारी ठेवून हाक मारली. पुन्हा मारली. उतरायला गेले, तर चौथ्या पायरीवर डोकं गरगरलं, तसे वर आले. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत राहिलं. त्यानंतर कितीतरी वेळाने माणसं जमली आणि मिस्त्रींना दोराने वर काढलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी धुराचं सांगितलं. गावात मात्र विहिरीने बळी घेतला असं झालं. ताराचंदभाऊंनी विहिरीवर कोंबडा कापला. मिस्त्रींच्या बायको, शेवंताकाकू, तेरवीनंतर दुकानात आल्या आणि ती तपकिरीची डबी गल्ल्यावर ठेवून म्हणाल्या, “तुजं नाव घेत. म्हनत, पोरगी कमी बोलते, पन खरं बोलते.”

मी डबी उचलून गल्ल्यात ठेवली.

यंदा ताराचंदभाऊंनी ते इंजिन विकायला आणून आमच्या दुकानासमोर ठेवलं. चोरखमारा गावाकडचा एक शेतकरी घ्यायला आला. त्याने प्लग काढून उजेडात धरला. टोक चहाच्या रंगाचं होतं.

“डोमाजी मिस्त्रीचं सेटिंग हाय म्हनून घेऊन राहिलो,” तो ताराचंदभाऊंना म्हणाला. “कोनाले हात लावू देनार नाई.”

मी गल्ल्यावरून उठले, बाहेर गेले आणि इंजिनापुढे उभी राहिले. “विहिरीत उतरवणार का?”

“उतरवावंच लागते ना.”

“हे चालू असताना कोणी खाली जायचं नाही. बंद केल्यावरही लगेच नाही. धूर दिसला नाही तरी माणूस मरतो. मिस्त्री त्यानेच गेले.” रस्त्यावरचे दोघे थांबून बघायला लागले. ताराचंदभाऊ जमिनीकडे बघत होते.

“हो हो, बाई,” तो माणूस म्हणाला. दुकानातल्या पोरींना म्हणतात तसं. मी तेच पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा हो म्हटलं आणि मला जरा बाजूला व्हायला सांगून दोरी ओढली.

इंजिन एकाच दोरीत चालू झालं. आवाज एका सुराचा होता. त्याने नळीपुढे तळहात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि मला दाखवला. हात स्वच्छ होता.