अन्वरभाईंच्या फुप्फुसातलं दुःख

"ब्रदर, एकच शब्द सांग. फिट की अनफिट?"

अबू फैसल क्लिनिकच्या दारातच उभे होते. आमच्या प्रोजेक्टचे अ‍ॅडमिन मॅनेजर. माणूस भला, पण थांबायची सवय नाही. मी म्हटलं, "सर, टेस्ट नीट होतच नाहीये."

"पुढच्या गुरुवारपर्यंत. नंतर खलास," म्हणाले आणि गेलेसुद्धा.

मी मिरजेचा, मेल नर्स. सौदीतल्या थुवालजवळच्या एका लेबर कॅम्पच्या क्लिनिकात सात वर्षं काढलीत. मेल नर्सला इथे सगळे ब्रदर म्हणतात. माझं खरं नाव आता इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, आणि बायकोच्या रागात तेवढं उरलंय.

प्रश्न होता अन्वरभाईंचा. दापोलीकडचे वेल्डर, वय चौपन्न. मोठ्या पाइपच्या आत शिरून वेल्डिंग करायचं त्यांचं काम. अशा बंदिस्त जागेत उतरायचं तर फुप्फुसं ठीक असल्याचा शिक्का लागतो. त्यासाठी स्पायरोमेट्री करतात. म्हणजे काय, तर एका नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि मशीन हवा मोजतं. अन्वरभाई फुंकायला लागले की निम्म्यात खोकला. तीनदा फुंकले, तीनदा खोकले. मशीनने तीनदा नापास केलं. एक्स-रे स्वच्छ, थुंकीची तपासणी स्वच्छ. सिरपच्या बाटल्या रिकाम्या झाल्या. सप्टेंबरपासून हेच चाललेलं.

अनफिटचा शिक्का बसला की थेट घरी, आणि मग दुसरी कुठली कंपनी उभं करत नाही. "धाकटी अजून कॉलेजात हाय ब्रदर," एवढंच ते म्हणाले. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून मशीन ऐकत नाही.

मुख्य कंत्राट चिनी कंपनीकडे. त्यांच्या डॉक्टर लिन आठवड्यातून दोनदा येतात. रीतसर डॉक्टर, वर त्यांच्या पारंपरिक वैद्यकीतही शिकलेल्या. त्यांनी तीन बोटांनी अन्वरभाईंची नाडी धरली, जीभ बघितली आणि मला म्हणाल्या, "शरद ऋतू. शरदात फुप्फुसं. फुप्फुसात दुःख."

मला वाटलं, बाईंनी कविता सुरू केली. मग त्यांनी समजावलं. त्यांच्या शास्त्रात प्रत्येक ऋतूचा एक अवयव आणि प्रत्येक अवयवाची एक भावना. शरदात हवा कोरडी होते, फुप्फुसं सुकतात, आणि माणसाने गिळलेलं दुःख नेमकं तिथे जाऊन बसतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. थुवालचा ऑक्टोबर. समुद्रावरून येणारी दमट हवा. दार उघडलं की चष्म्यावर वाफ. "मॅडम, कोरडा शरद कुठाय इथे?"

"तुम्ही लोक राहता कुठे? एसीत. एसीत बारा महिने शरद."

हे मला अजिबात आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं.

त्यांनी औषध लिहिलं. वाफवलेला पेअर, म्हणजे नाशपती, वर खडीसाखर. तिखट बंद. आणि शेवटची ओळ: याचं काय गेलं ते विचारा. माझ्या कॉम्प्युटरवर खोकल्याची कारणं निवडायची यादी असते. धूळ, धूर, जंतू, इतर. दुःख त्यात नाही. मी 'इतर' दाबलं आणि मनातल्या मनात हसून घेतलं.

तरी ड्यूटी ती ड्यूटी. विचारलं, "अन्वरभाई, काही दुःख आहे का?"

"मला? कुठलं दुःख?"

"वहिनींची आठवण येते?"

"दिवसातून चारदा व्हिडिओ कॉल करते. आठवण यायला वेळ कुठं देते ती?"

"गावाची?"

"ब्रदर, तुम्ही मला खोकल्याचं औषध देताव की रडवताव?"

मी हात टेकले. मेसच्या मल्याळी कुकला पटवून पेअर वाफवून घेतला, डब्यात भरला आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या खोलीवर गेलो. दारावर साफसफाईचा कागद होता. जून, जुलै, ऑगस्ट सह्या होत्या. पुढे कोरा. हाउसकीपिंगवाला या खोलीत येतच नव्हता.

दार उघडलं आणि कारण नाकात शिरलं. सुक्या मासळीचा वास! खोलीतले चौघेही कोकणातले. त्यांना तो वास नव्हताच, ते घर होतं. अन्वरभाई पलंगावर बसले होते. बरोब्बर डोक्यावर एसी. आणि एसीच्या माथ्यावर, ऐटीत, एक फाटकी कागदी पिशवी.

आता एसीचं एक साधं गणित. भिंतीवरचा एसी वरच्या बाजूने हवा ओढतो आणि खाली फेकतो. वर जे ठेवाल ते तुमच्या तोंडावर येणार. मी स्टुलावर चढलो. पिशवीत जवळा, बारीक सुकी कोलंबी. निम्म्याची पूड झालेली, उरलेल्याला बुरशी. फिल्टर काढला तर त्यावर जवळ्याचा आणि बुरशीचा थर! दोन महिने अन्वरभाई रात्रभर सुकट हुंगत होते.

"अहो, हे काय ठेवलंय? फेका आधी!" मी पिशवीला हात घातला.

"हात नको लावूस!" ते ओरडले. ओरडले आणि खोकले. खोकता खोकता खाली बसले. आणि मग ज्यासाठी मी आठवडाभर खटपट करत होतो ते आपोआप झालं. अन्वरभाई रडले.

पिशवी दत्ताराम यांची. गुहागरचे फिटर. अठरा वर्षं दोघं एका खोलीत, शेजारच्या पलंगांवर. ऑगस्टमध्ये दत्ताराम कायमचे घरी गेले. अन्वरभाई शिफ्टवर होते, पोचवायलाही जाता आलं नाही. परत आले तर पलंग रिकामा, आणि दत्ताराम जवळा सुकायला ठेवायचे त्या जागी, एसीवर, ही पिशवी. अन्वरभाईंनी आपला पलंग सोडला आणि दत्तारामच्या पलंगावर झोपायला लागले.

"मग खाल्ला का नाही?"

"खाल्ला की संपला ना, ब्रदर."

मी खिशातून फोन काढून त्यांच्या हातात दिला. "लावा त्यांना. आत्ता." तिकडून दत्ताराम जे बरसले ते पूर्ण लिहिण्यासारखं नाही. लिहिता येईल ते एवढंच: "मेल्या, खायला ठेवला होता, पुजायला नाय!" अन्वरभाई रडता रडता हसायला लागले, आणि पिशवी त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकली.

फिल्टर धुतला. पलंग हलवला. पेअर मात्र रोज चालू ठेवला, कारण डॉक्टर लिन मला रोज फोन करून विचारत होत्या. गुरुवारी अन्वरभाईंनी नळीत असं फुंकलं की मीच मागे सरकलो. पास!

रिपोर्टवर कारण मी लिहिलं: एसी फिल्टरमध्ये जवळा व बुरशी. डॉक्टर लिन यांनी खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं: दुःख. अबू फैसल यांनी दोन्ही वाचलं. "दोन्हींपैकी खरं कोणतं?"

आम्ही दोघांनी एकदम स्वतःकडे बोट दाखवलं. त्यांनी शिक्का मारला. "यल्ला, कामाला लागा."

तेव्हापासून मी खोकल्याच्या पेशंटला दोन प्रश्न जास्त विचारतो. एसीवर काय ठेवलंय, आणि खोलीतून कोण गेलंय. दुसऱ्याचं उत्तर कोणी लगेच देत नाही, म्हणून पहिल्यापासून सुरुवात करतो.

महिन्याभराने गुहागरहून आलेल्या एका माणसाबरोबर नवं पाकीट आलं. वर दत्तारामच्या अक्षरात लिहिलं होतं: अन्वर, हा संपव. संपला की कळव, दुसरा पाठवतो.