मी काढलेली ओढ्याची वाट

पुरवठा अधिकाऱ्यांनी माझ्याच हातचा नकाशा टेबलावरून माझ्यापुढे सरकवला.

"फार नीट काढलाय, बाई," ते म्हणाले. "आमच्या माणसांना शोधावंसुद्धा लागलं नाही."

नकाशात जामखेडच्या पुढचा, बीडच्या हद्दीवरचा नाका होता. नाक्याला वळसा घालून ओढ्यातून पलीकडे जाणारी पायवाट मी तुटक रेघेनं दाखवली होती. खाली माझ्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, 'इलिसिट रूट'. म्हणजे चोरट्या वाहतुकीचा मार्ग. आदल्या दिवशी त्या वाटेवर सहा बायकांना पकडलं होतं. त्यांची ज्वारी नाक्यावरच्या खोलीत कुलपात होती. त्या सहाजणींत सुभद्राबाई होत्या, आणि ती वाट मला त्यांनीच दाखवली होती.

माझा विषय आंतरराष्ट्रीय संबंध. माणसं हद्दी का ओलांडतात, त्यांच्याबरोबर कोणता माल चोरून जातो आणि सरकारला त्यात धोका का दिसतो, याचा आम्ही अभ्यास करतो. युद्ध नुकतंच संपलं होतं. खऱ्या सरहद्दीवर एका मुलीला वह्या घेऊन कोण फिरू देणार? आमच्या सरांनी त्यावर तोडगा काढला.

"अगं, बॉर्डर म्हणजे बॉर्डर. जिल्ह्याची घे. नाका आहे, परवाना आहे, स्मगलिंग आहे. तू भिंगारची, घरही जवळ."

वडील भिंगारला लष्कराच्या ऑफिसात सिव्हिलियन क्लार्क. त्यांच्या ओळखीनं जामखेडला एका शिक्षकांच्या घरी खोली मिळाली. मी कामाला लागले.

तेव्हा ज्वारी जिल्ह्याबाहेर न्यायची तर परवाना लागत असे. परवाना नसेल तर ती चोरटी. हद्दीपलीकडच्या गावांतल्या बायका दर सुगीला अलीकडे ज्वारीच्या काढणीला येत. महिनाभर शेतातच राहत. मजुरी मिळे ती ज्वारीतच, खळ्यावर, पिकाच्या ठरलेल्या हिश्श्यानं मापून. तसाच रिवाज होता. त्यांचं घर हद्दीपासून तासाभराच्या चालीवर. म्हणजे खळ्यावर जी मजुरी होती, तीच ओढा ओलांडला की स्मगलिंग. आणि तीच त्यांच्या घरची पावसाळ्यापर्यंतची भाकरी.

मी पहिले काही दिवस नाक्याच्या बाकावर बसून काढले. ट्रक यायचा, ड्रायव्हर कागद घेऊन खोलीत जायचा, हसत बाहेर यायचा, बांबू वर व्हायचा. एका ट्रकच्या कागदावर पेंड लिहिलं होतं आणि पोत्यातून ज्वारी सांडत होती. मी कारकुनाकडे पाहिलं.

"यंदा पेंडीला दाणे धरलेत, बाई," तो म्हणाला. "पाऊसपाणी चांगलं असलं की व्हतं असं."

मी ट्रकचा नंबर लिहून घेतला. असे बरेच नंबर जमले.

मग मी खळ्यावर जाऊ लागले. तिथे सुभद्राबाई सगळ्यांच्या पुढारी. चाळिशीच्या, काटक, बोलायला फटकळ.

"ह्या बाईला तोंड हाय का न्हाई?" त्यांनी माझ्यासमोरच विचारलं. "चार रोज झालं, नुस्ती लिवतीय."

"इंग्रजी शाळंत तोंड कुलपात ठिवत्यात जनू," दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाचव्या दिवशी त्यांनी मला ओढ्याची वाट दाखवली. नाक्यावर अडवतात, म्हणून त्या तिकडून जात. परत फिरताना त्यांनी विचारलं, "हे लिवून काय व्हनार?"

"काही नाही. पुस्तकासाठी आहे."

"मंग लिव."

आमच्या शिक्षणात एक नियम पक्का असतो. माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, नंबर द्यायचा. मी सुभद्राबाईंना 'स्त्री, क्रमांक चार' केलं आणि आपण फार जबाबदारीनं वागलो असं समजले. पायवाट मात्र बाभळीच्या झाडांसकट काढली. सीमेच्या अभ्यासात मार्गाचा नकाशा लागतोच, असं शिकले होते. मसुदा सरांना पाठवला. सरांनी त्यातलं नकाशाचं पान पुरवठा खात्याला पाठवलं. अभ्यासाला परवानगी दिली म्हणून, सौजन्य म्हणून. मला विचारलं नाही.

"ही मजुरी आहे," मी अधिकाऱ्यांना म्हणाले. "मी स्वतः खळ्यावर पाहिलंय."

"तुम्हीच 'इलिसिट' लिहिलंय. कोणतं खरं धरू?"

"आत्ता सांगतेय ते."

"मग शेतमालकाची चिठ्ठी आणा. इतकी ज्वारी मजुरीत दिली, खाली सही. नाहीतर परवा माल सरकारी गोदामात जाईल."

हे सोपं वाटलं. मी तशीच मालकाकडे गेले. गावात त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांनी खाटेवर सतरंजी टाकली, चहा सांगितला.

"चिठ्ठी तेवढी मागू नका, ताई."

"मजुरी तुम्हीच दिलीत ना?"

"दिली की. तोंडी कवाबी सांगतो. देवापुढं सांगतो."

"तोंडी नाक्यावर चालत नाही."

"मंग नाक्याचं चुकतंय," आबा शांतपणे म्हणाले.

चहा संपेपर्यंत कारण कळलं. पिकाचा ठरलेला वाटा शेतकऱ्यानं सरकारला सरकारी भावानं घालायचा, त्याला लेव्ही म्हणत. आबांनी पीक कमी दाखवलं होतं. मजुरी इतकी दिली असं लिहून दिलं की खळ्यावर किती पिकलं, हे कोणालाही काढता आलं असतं. त्यांची ज्वारी लपावी म्हणून बायकांची ज्वारी चोरीची ठरत होती.

"त्या तुमच्याच शेतात राबल्या," मी म्हणाले.

"लई कामाच्या हायत. फुडल्या सालीबी त्यांनाच सांगनार."

मला चहाची कपबशी फेकावीशी वाटली. ती मी नीट खाली ठेवली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून सरांना ट्रंक कॉल लावला. त्यांनी खात्याला लेखी कळवावं, नकाशा मागे घ्यावा, एवढंच मागितलं.

"स्कॉलरनं मध्ये पडायचं नसतं," सर म्हणाले. "ऑब्जेक्टिव्ह राहा."

"सर, नकाशा पाठवला तेव्हाच आपण मध्ये पडलो."

"तू दमली आहेस. चार दिवस घरी जाऊन ये."

मी फोन ठेवला. युद्ध, सरहद्द, सुरक्षा यांवर हा माणूस तास तास बोलतो. माणसांचा उल्लेख 'मूव्हमेंट' असा करतो. मीही तसंच बोलायला शिकले होते. सर्वांत जास्त संताप त्याचा आला.

खोलीवर येऊन मी निवेदन लिहिलं. माझं मराठी लेखन कच्चं, तीनदा खोडलं. 'इलिसिट' हा शब्द माझा आहे, तो चुकीचा आहे, ही ज्वारी मजुरीची आहे. खाली पूर्ण नाव, सही. दुपारी ते अधिकाऱ्यांपुढे ठेवलं.

"याला कायद्यात किंमत नाही, बाई."

"ठीक आहे. मग माझ्या वहीतलं हे पानही पाहा. हे मी सरांना अजून पाठवलेलं नाही."

ते पान ट्रकच्या नंबरांचं होतं. कागदावर काय लिहिलं होतं आणि पोत्यात काय होतं, दोन रकाने.

त्यांनी पान वाचलं. मग उठून दार लोटून आले.

"याची नक्कल आहे?"

"नाही." खरंच नव्हती.

"बायका गरीब आहेत," पानाची घडी घालत ते म्हणाले. "माणुसकीच्या दृष्टीनं सोडायला हरकत नाही. हे पान माझ्याकडे राहू द्या."

मी दिलं. कायदा तोच, ज्वारी तीच, बायकाही त्याच. काल पुरावा हवा होता, आज माणुसकी पुरली. आणि त्या माणुसकीसाठी मला जे खरं सापडलं होतं ते त्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकावं लागलं. ट्रक पुढेही जात राहिले असणार. ते सिद्ध करायला माझ्याकडे आता काही नाही.

संध्याकाळच्या आत नाक्यावरची खोली उघडली. बायकांनी आपापली गाठोडी ओळखून घेतली. सुभद्राबाईंनी गाठ सोडून मूठभर दाणे तळहातावर घेऊन पाहिले, आपलेच आहेत ना म्हणून. मग माझ्याकडे पाहिलं.

"पुस्तक लवकर निघालं की तुजं."

मी नकाशा कोणी पाठवला ते सांगणार होते. पण काढला मीच होता. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"व्हय," त्या म्हणाल्या आणि गाठोडं डोक्यावर घेतलं.

काढणी अजून पंधरा दिवस चालणार होती. आणखी मजुरी मिळणार होती आणि ओढ्यात आता पहारा होता. मी सुगी संपेपर्यंत तिथेच राहिले. खळ्यावर गेले, वही न नेता. पहिले दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी भाकरी पुढे केली. शेवटच्या आठवड्यात एके सकाळी गेले तर सगळ्याजणी गाठोड्यांसकट निघून गेल्या होत्या. नाक्यावर त्या दिवशी कोणी सापडल्याची नोंद नव्हती.

सरांनी अहवाल छापायला देण्याआधी मला बोलावलं. नकाशा मी काढून टाकला होता, त्यावर ते नाराज होते.

"निदान नवा रूट तरी दे. त्या गेल्या कुठून?"

"माहीत नाही, सर."

"पूर्ण सीझन तिथे होतीस तू!"

"हो. मी विचारलंच नाही."