गाडी कोणी ओढायची

"बाईमाणसाला झेपायचं नाही हो हे," मुकादम म्हणाला, आणि वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झेपायचं नाही म्हणे! मग इतकी वर्षं कचऱ्याची गाडी ढकलली कोणी, ह्याच्या काकानं? नोकरी नवऱ्याची, कबूल. पण तो पुढे शिट्टी वाजवत, दारोदार गप्पा छाटत चालायचा. गाडी ढकलायची, ओलं-सुकं वेगळं करायचं, नासक्या भाजीतून काचा वेचायच्या, हे सगळं मागे वहिनीकडे. सही त्याची, पगार त्याचा, आणि हिची म्हणे "मदत". पुढे त्याची कंबर गेली, तो अंथरुणाला खिळला, तेव्हा चढावरच्या गल्ल्यांतून गाडी हिनं एकटीनं ओढली. मुकादम रोज समोरून जायचा. तेव्हा नाही दिसलं त्याला बाईमाणूस!

आता नवऱ्याची नोकरी सुटली होती आणि त्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. वहिनीनं स्वतःचं नाव पुढे केलं, तर घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली.

"धाकट्याला लावू या," सासू म्हणाली. "पुरुषासारखा पुरुष घरी बसलेला बरा दिसतो का?"

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. नोकरी दिराला लागली. वर मुकादमाचा निरोप, दोन दिवस त्याला गल्ल्या दाखवा म्हणून!

"हुंगत हुंगत शोध म्हणावं," वहिनी म्हणाली आणि गेली नाही.

मग एका सकाळी ती दळण घेऊन निघाली होती, तर समोरून चढावर तीच गाडी येताना दिसली. मागे दीर नव्हता. धाकटी जाऊ होती, घामाघूम, अंगठ्याला रक्ताळलेली चिंधी गुंडाळलेली.

"अगं, तू? आणि भावोजी?"

"टपरीवर बसलेत." जाऊला धाप लागली होती. "मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर म्हणाले, वहिनीला बरं जमलं इतकी वर्षं? तिनं केली कधी तक्रार?"

वहिनीला थोबाडीत बसल्यासारखं झालं. नोकरी मागितली तर झेपत नाही, आणि दुसरीला फुकट राबवायचं तर दाखला हिचाच! नव्हतीच केली तिनं तक्रार. स्वतःच्या त्या गप्प बसण्याचा तिला भर रस्त्यात इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"सोड ती गाडी."

"घरंगळेल हो, ताई."

वहिनीनं चाकाखाली धोंडा सरकवला आणि जाऊला दंडाला धरून टपरीवर नेलं. दीर बाकावर पाय पसरून बसला होता, शेजारी मुकादम.

"गाडी चढावर उभी आहे, भरलेली," वहिनी म्हणाली. "आम्हाला झेपत नाही. उठा."

"वहिनी, चेष्टा पुरे," दीर हसला.

मुकादम मात्र उभा राहिला. "अहो, लोक बोंबलतील! आजच्या दिवस तेवढी न्या ना."

"नेते की. माझ्या नावावर नोकरी लावा, ही निघाले."

वहिनीनं मुकादमाच्या रिकाम्या जागेवर जाऊला बसवलं, दिराचे पाय बाजूला लोटले आणि स्वतःही टेकली.

"दोन चहा दे रे," तिनं टपरीवाल्याला सांगितलं. "भावोजींच्या पगारातून."