काळ्या फ्रेममधले आबा

तिसऱ्या फ्रेमचा क्लिक झाला, मी कॅमेऱ्यावरून मान वर केली, आणि समोर आबा नव्हते. आबाच काय, ते ज्या खडकाशेजारी उभे होते तो खडक नव्हता, कडा नव्हता, कड्यापलीकडची दरी नव्हती. सगळं पांढरं.

“मॅडम, आबा कुठं हायत?” मागून दत्ताने विचारलं.

मी पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. तिथेही पांढरंच.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. लग्नाचे फोटो काढून पोट भरते आणि निसर्गाचे फोटो काढून हौस भागवते. दत्ता विट्याकडचा. त्या बाजूच्या पुष्कळ पोरांसारखा गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं. दुकान केरळात. त्याला दुकानात भिंतभर फोटो लावायचा होता: गावचा डोंगर, वर आभाळ आणि मधे त्याचे वडील. आबा तोफखान्यातून सुभेदार होऊन रिटायर झालेले. ताठ अंग, पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा. तोफांनी दोन्ही कान मात्र खाल्लेले.

असा एक फोटो त्यांनी आधी कुणाकडून तरी काढून घेतला होता. डोंगर झकास, आबा झकास, वर आभाळाच्या जागी कोरा कागद. आबांनी तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, “पोरी, ह्येच्यात आभाळ कुठाय? आमच्या गावात बगण्यासारकं त्येच तर हाय.”

दोष त्या फोटोग्राफरचा एकट्याचा नव्हता. आपला डोळा लबाड असतो, एकाच वेळी उजेडही बघतो आणि सावलीही. कॅमेऱ्याला ते जमत नाही. माणसाचा चेहरा नीट आणायला गेलं की आभाळ ओव्हर जातं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त उजेड आत येतो. आम्ही म्हणतो, आभाळ जळलं. जळलं म्हणजे काळं नव्हे, पांढरंफेक. तिथे मग काहीच उरत नाही, कॉम्प्युटरवर कितीही डोकं फोडा. अंधारात गेलेलं मात्र बरंचसं वर काढता येतं.

यावर उपाय असा की कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि एकाच जागेवरून तीन फ्रेम घ्यायच्या. एक नॉर्मल, एक आभाळासाठी काळी, एक जमिनीसाठी उजळ. नंतर तिन्हींचा एक फोटो करायचा. अट एकच, समोरच्याने हलायचं नाही. म्हणून मी आबांजवळ जाऊन, अगदी कानाशी ओरडून सांगितलं होतं, “मी सांगेपर्यंत हलू नका.” आणि त्यांना उभं केलं होतं कड्याच्या जरा अलीकडे, कारण फ्रेम तिथूनच चांगली दिसत होती. मग मी ट्रायपॉडपाशी परत आले.

भाद्रपद संपत आला होता. साताऱ्याकडच्या पठारांवर ढग अंगावरून जाणं रोजचंच, तिकडे मी जपून असते. आमच्या पूर्वेच्या कोरड्या डोंगरावर असं काही होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिली फ्रेम घेतली. मान खाली घालून शटरचा वेग बदलला, दुसरी घेतली. परत बदलला, तिसरी घेतली. तेवढ्या वेळात दरीतून ढग वर आला आणि आमच्यावर बसला.

“आबा! ओ आबा!” दत्ता ओरडला.

उत्तर नाही. पठारावरच्या पवनचक्क्यांचा घुम् घुम् आवाज तेवढा येत होता, आणि वारा. मी मोबाईल काढून आबांना फोन लावला. रिंग वाजली ती दत्ताच्या खिशात. खिसा फुगलेला दिसतो म्हणून फोटोआधी आबांनी आपला फोन त्याच्याकडे दिला होता.

मग समोर कुठेतरी दगड घरंगळला. एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, आणि मग नुसतीच शांतता. दत्ता धावत सुटला. कसा कोण जाणे, त्याच्या शर्टाचा मागचा भाग माझ्या हातात आला आणि मी तो सोडला नाही.

“सोडा मला!”

“कडा कुठे आहे ते दिसतंय का तुला?”

“माजा बा हाय तितं!”

“आहेत ना? मग तू गेलास तर त्यांनी काय करायचं?”

तो थांबला. खरं सांगते, इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. ‘हलू नका’ मी म्हटलं होतं. जागा मी ठरवली होती. गावात परत जाऊन त्या घरात काय सांगायचं?

काहीतरी करायचं म्हणून मी फ्लॅश चढवला आणि फुल पॉवरवर मारला. ढगावर फ्लॅश मारणं म्हणजे चुन्याच्या भिंतीवर बॅटरी मारणं. उजेड उलटा आमच्याच डोळ्यांवर आला.

“आवं, आजून पांढरं झालं की!” दत्ता रडवेला होऊन म्हणाला.

त्याच्या त्या बोलण्याने माझं डोकं ताळ्यावर आलं. जास्त उजेडाने दिसेनासं होतं, हे मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना समजावत आलेय. मी कॅमेऱ्याची स्क्रीन लावली. तिसरी, उजळ फ्रेम कोरी होती. पहिलीत आबा ताठ उभे, मागे ढगाची कड. राहिली दुसरी, काळी. वरवर बघितलं तर नुसता गढूळ अंधार. मी झूम केलं.

त्या करड्या धुक्यात एक आकृती होती. पुसट, पण होती. फेटा, वाकलेली पाठ, एक गुडघा जमिनीकडे आणि हात खडकावर टेकलेला. खडक त्यांच्या उजवीकडे आणि कडा खडकाच्या पलीकडे.

“दत्ता, हे बघ. पडणारा माणूस असा पडत नाही. आबा खाली बसतायत.”

त्याने स्क्रीनला नाक लावलं. “व्हय. बसत्यात.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “मग त्यो दगूड कशाचा?”

याचं उत्तर फ्रेममध्ये नव्हतं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे होती. ट्रायपॉड जागचा हललेला नव्हता. लेन्स ज्या दिशेला बघत होती, त्याच दिशेला आबा बसले होते, निदान तेव्हा तरी. मी दत्ताला ट्रायपॉडपुढे गुडघ्यांवर बसवलं. “रांगत जायचं. आधी हाताने जमीन चाचपायची, मग गुडघा. मी इथून बोलत राहते. माझा आवाज बरोबर पाठीमागे राहिला पाहिजे. बाजूने यायला लागला की थांबायचं.”

तो चार हात गेला आणि दिसेनासा झाला. बोलत राहते म्हटलं खरं, पण बोलणार काय? देवाचं नावही आठवेना. मग मी मोठमोठ्याने सतराचा पाढा म्हणायला लागले. सत्रा सत्ते किती ते येईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. पुढून दत्ताचा आवाज येत नव्हता. दुसरा दगड पडला तर, एवढंच मनात घोळत होतं. पाढा म्हणता म्हणता मी रडत होते, हे मला ओठांना खारट लागलं तेव्हा कळलं.

“घावले!”

मी पाढा अर्ध्यावर सोडला.

पुढचं संभाषण मला धुक्यातून नुसतं ऐकू आलं. आधी आबांचा दणदणीत आवाज, “कोण हाय?” मग, “का रं, रडतुयास का?”

“कवापास्नं हाका मारतुय! वो का दिली न्हाईसा?”

“आं?”

“वो का दिली न्हाईसा!”

“थांब, कानात मशिन घालू दे.” थोडा वेळ गेला. “हां, बोल आता. मशिन फोटूत दिसंल म्हून काडून खिशात ठिवलं हुतं. धुकं आलं का हाय त्या जाग्याव बसायचं, हलायचं न्हाई. बरफात शिकलोय आमी ह्ये.”

“आन् दगूड?”

“त्यो व्हय? बुडाला टोचत हुता. दिला ढकलून.”

ढग उठेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले आणि मी इथे. उठला तसा सगळा डोंगर पुन्हा जागच्या जागी दिसायला लागला. आबा खडकाशेजारीच होते, मांडी घालून, देवळात बसल्यासारखे. दत्ता मात्र दुसरीकडेच बघत होता. मघाशी तो ज्या बाजूला धावत सुटला होता, तिथे पठार एकदम चिरलेलं होतं. गवताने तोंड झाकलेली घळ, थेट खाली उतरणारी. तो त्या घळीकडे बराच वेळ बघत राहिला. मग येऊन माझ्या पाया पडायला लागला. मी पाय मागे घेतले. त्याच्या बापाला कड्यापाशी उभं केलं होतं मीच.

“आता काडा की फोटू,” आबा म्हणाले. “आभाळ झ्याक झालंय बगा.”

आभाळ खरंच झालं होतं, धुऊन वाळत घातल्यासारखं. मी आबांना कड्यापासून लांब, पठाराच्या मधोमध उभं केलं. त्यांनी सवयीने हात कानाकडे नेला.

“आबा, मशिन र्‍हाऊ द्या,” दत्ता म्हणाला.

“दिसंल की रं फोटूत.”

“दिसू दे.”

आबांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

तो फोटो आज केरळातल्या दुकानात भिंतभर लागलाय. निळं आभाळ, पांढऱ्या मिशा आणि कानात मशिन. पाठवताना दत्ताचा फोन आला होता. “मॅडम, ती काळी बी द्या. उजळू नका, हाय तशी द्या.” ती त्याने कुठे लावली, मी विचारलं नाही.

शिकायचं ते एवढंच, की काळं पडलेलं सापडतं, पांढऱ्यात गेलेलं सापडत नाही. हे मी क्लासमध्ये पोरांना शिकवतेच. समोर वयस्कर माणूस असला तर मात्र लेन्सचं झाकण काढायच्या आधी मी त्याचा कान बघते.