सेनेकाल बाईंचं राहून गेलेलं फ्रेंच

याकोमिना सेनेकाल बाई रोज सकाळी दुकानात येत आणि एकच वस्तू घेऊन जात. एक दिवस कांदा, दुसऱ्या दिवशी माशाचा डबा, तिसऱ्या दिवशी काड्यापेटी. आमचं विटक्लिप म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या कोरड्या माळावर कुणाच्या तरी खिशातून पडून राहिलेलं गाव. दोन चर्च, एक सुपरमार्केट, बाकी धूळ. त्या सुपरमार्केटात मी मटण कापतो. काउंटरसमोरच काचेचं दार आहे, त्यामुळे गावात काय चाललंय हे मला कुणाला विचारावं लागत नाही.

बाईंना एका पिशवीत महिनाभराचं सामान मावलं असतं. लग्न केलेलं नाही, भाऊ लांब, मांजर होतं तेही गेलं. तरी रोजची फेरी चुकत नसे. “म्हातारीचं डोकं फिरलं,” असं गाव म्हणायचं. डोकं शाबूत होतं. फेऱ्यांचं कारण दाराबाहेर नारिंगी जाकीट घालून गाड्या राखत उभं असायचं.

बाई आम्हाला शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि ज्याला हवं त्याला फ्रेंच. हवं असलेले आम्ही तिघं होतो. मी तर सुतारकामाचा तास चुकवायला गेलो होतो. त्या तिघांसमोर बाई अशा उभ्या राहायच्या, जणू भरलेलं सभागृह आहे. “आपली आफ्रिकान्स कशी आहे?” त्या विचारायच्या, आणि उत्तरही स्वतःच सांगायच्या, “मी, तू, तो, आपण, सगळ्यांना एकच क्रियापद. एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढायचं. फ्रेंचमध्ये प्रत्येकाला वेगळं ताट. आफ्रिकान्समध्ये जे लिहिलं ते बोलायचं, तेही घशातून खडी काढत. फ्रेंचमध्ये निम्मी अक्षरं नुसती शोभेला बसवायची.” मग खडू ठेवून, “दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. खरं तर माझ्या घरात तीनशे वर्षांपूर्वी दोघींची भेट झाली होती.”

ते खरं होतं. सेनेकाल हे आडनाव फ्रान्समधून धर्मापायी पळून आलेल्या लोकांचं. त्यांची नातवंडं फ्रेंच विसरली. आडनाव राहिलं, तेही आम्ही आमच्या घशावर घासून सपाट केलं. बाईंनी विद्यापीठात जाऊन ती हरवलेली भाषा परत आणली खरी, पण बोलायला माणूस कुठून आणणार? पुढे शिक्षणखात्याने फ्रेंचचा वर्ग बंद केला. फ्रान्स बाईंनी कधी पाहिलं नाही. टेपवरचे आवाज ऐकलेले, ते आगगाडीची वेळ विचारायचे.

अशात फ्लोरिबेर आला, काँगोहून, आणि नारिंगी जाकीट घालून आमच्या दाराशी गाड्या राखायला लागला. गावाच्या तोंडात एवढं नाव मावेना, म्हणून आठवड्याभरात त्याचा फ्लिप झाला. एका सकाळी तो ढकलगाड्यांपाशी उभा राहून आईशी फोनवर फ्रेंचमध्ये बोलत होता. बाई पाव छातीशी धरून तिथेच थांबल्या. फोन संपला तशा पुढे झाल्या आणि फ्रेंचमध्ये म्हणाल्या,

“सुप्रभात, महाशय. आपण कोणत्या प्रांतातून आलात, हे विचारण्याची अनुमती असावी.”

फ्लिपने त्यांच्याकडे पाहिलं आणि आमच्या आफ्रिकान्समध्ये उत्तर दिलं, “मजेत ना, मावशी! ऊन काय पेटलंय! द्या ती पिशवी इकडे.”

तेव्हापासून रोज हेच. बाई फ्रेंचमध्ये बोलायच्या, तो आफ्रिकान्समध्ये. दोन माणसं एकाच वेळी एकमेकांच्या घरी भेटायला निघावीत आणि दोघांनाही कुलूपच दिसावं, तसं चाललं होतं. बाई मात्र हटल्या नाहीत. उद्या बोलेल म्हणून आज कांदा, परवा बोलेल म्हणून उद्या काड्यापेटी.

शेवटी मीच फ्लिपला गाठलं. “अरे, चार शब्द दे की म्हातारीला. तुझ्या खिशातलं काय जातंय?”

“यापी, तू मटण काप.”

“सांग तरी.”

तो बराच वेळ एका रिकाम्या जागेत गाडी घालायच्या खुणा करत राहिला. गाडी नव्हतीच. मग म्हणाला, “घरी बापाने फ्रेंचशिवाय दुसरी भाषा बोलू दिली नाही. त्याने मारलं ते फ्रेंचमध्ये. भावाची बातमी आली ती फ्रेंचमध्ये. चुलत्याची आली तीही. आईचा फोन वाजला की आधी मनात घरची माणसं मोजतो, मग हॅलो म्हणतो. तुमच्या आफ्रिकान्समध्ये माझं अजून कुणी मेलेलं नाही. राहू दे ना जरा तसंच.”

हे मी बाईंना सांगितलं, मटण तोलता तोलता, म्हणजे तोंडाकडे बघावं लागणार नाही.

“काट्यावरचा अंगठा काढ, यापी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी फ्रेंच सोडलं. फेरी सोडली नाही. फ्लिपशी पावसाच्या, न आलेल्या पावसाच्या गप्पा व्हायच्या, आणि मास्तरकी जाते कुठे, त्याची आफ्रिकान्सही दुरुस्त व्हायची. “‘मला माहीत नाही’ म्हणून थांबायचं नसतं, फ्लिप. वाक्याच्या शेवटी अजून एक ‘नाही’ लागतं. आमच्याकडे एकदा नाही म्हटलेलं कुणी ऐकून घेत नाही.”

“फ्रेंचमध्येही दोन लागतात, मावशी,” तो बोलून गेला, अर्थात आफ्रिकान्समध्येच. “पण त्यातलं पहिलं आम्ही गिळून टाकतो.”

“गिळता? पुस्तकात तसं नाहीये.”

“पुस्तकाला भूक नसते, मावशी.”

बाई इतक्या हसल्या की कांदा हातातून सुटला आणि एका गाडीखाली गेला. तेवढंच फ्रेंच त्यांच्या वाट्याला आलं. त्या दिवशी त्या घरी जाताना मान ताठ ठेवून चालत होत्या.

मग ऑगस्टमधली, म्हणजे आमच्या हिवाळ्यातली, ती सकाळ. थंडीने काचेवर वाफ धरली होती. एक पिक-अप मागे येत होता, फ्लिपचा हात ‘या, या’ करत होता, आणि त्याचा फोन वाजला. त्याने ऐकलं. हात वरचा वरच राहिला.

“अरे फ्लिप, येऊ का थांबू?” ड्रायव्हर ओरडला. “फ्लिप!”

फ्लिप चालायला लागला. हॉर्न वाजत राहिले, गाड्या वाटेल तशा आडव्या लागल्या. तो राहायचा त्या भाड्याच्या खोलीकडे वळला नाही. चर्चला वळसा घालून सरळ बाईंच्या पडवीत जाऊन बसला.

आमच्याकडे माणूस गेलं की दुःख करणारा जिथे बसेल तिथे जेवण न्यायचं असतं. फ्लिपसाठी कुठे न्यायचं, याचा कुणी कधी विचार केला नव्हता. दुपारपर्यंत गावाला त्याची आई गेल्याचं कळलं होतं, आणि पत्ताही. मी मटण घेऊन गेलो तर बाईंच्या फाटकाशी पाच-सहा बायका पातेली धरून ताटकळलेल्या. मनुका घातलेला पिवळा भात, दुधाचा टार्ट, बीन्सचा रस्सा. एवढी माणसं त्या फाटकाशी मी कधी पाहिली नव्हती. आत कुणी जाईना, कारण पडवीत फ्लिप बोलत होता. फ्रेंचमध्ये. थांबत नव्हता. मधूनच हसायचा, मधूनच मांडीवर मूठ आपटायचा. बाई समोर गुडघे जुळवून बसल्या होत्या, पहिल्या बाकावरच्या मुलीसारख्या. त्यांची नजर त्याच्या ओठांवर होती.

मध्येच त्याने काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबला. बाईंचं तोंड उघडलं. तीन वर्षं मी त्यांच्या वर्गात काढली होती. पान सापडत नसलेल्या मुलाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे.

“अरे माझ्या लेकरा,” बाई आफ्रिकान्समध्ये म्हणाल्या, आणि त्याच्या कपात कॉफी ओतली. फ्लिपने मान हलवली, घोट घेतला आणि पुन्हा फ्रेंचमध्ये सुरू झाला.

आठवड्याने बाई दुकानात आल्या. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

“शेवटी मिळालं की हो, बाई,” मी म्हणालो. काहीतरी बोलायचं म्हणून.

“मिळालं. निम्मं कळलं. निम्म्याहून कमीच.” पुढे म्हणाल्या, “मी एक शब्द बोलले नाही रे. आमच्या पुस्तकात स्टेशन होतं, पोस्ट होतं, हॉटेलात खोली कशी मागायची ते होतं. कुणाची आई गेली तर काय म्हणायचं, तो धडाच नव्हता. मीही घातला नाही.” मग आवाज खाली आणून, “एक काम कर. त्याच्या आईचं वय विचारून ये. त्याने सांगितलं होतं, पण सत्तरच्या पुढचे आकडे फ्रेंचमध्ये फार वाईट, साठात दहा-पंधरा मिळवत बसायचे. मला लागले नाहीत. आता मी कशी विचारू? त्याला वाटतंय मला सगळं कळलं.”

मी बाहेर जाऊन विचारून आलो. “चौऱ्याहत्तर.”

“माझ्याहून लहान,” बाई म्हणाल्या, आणि तशाच बाहेर पडल्या.

दार उघडं होतं, म्हणून पुढचं ऐकू आलं. फ्लिप एका गाडीला मागे घेत होता. त्याने बाईंच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

“आज काहीच घेतलं नाही, मावशी?”

“नाही रे बाबा, नाही,” बाई म्हणाल्या, आणि ती गाडी नीट लागेपर्यंत त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.