क्रांतीच्या हातून सुटलेला चेंडू

शिवाजी पेठेतल्या मलिकाभाभींच्या स्टुडिओचा जिना चढताना पूर्णिमानं पुन्हा घड्याळ पाहिलं. लेकीचा, क्रांतीचा, व्हिडिओ सहाच्या आत फुटबॉल अकादमीला पोचायला हवा होता. पोरगी सोळा वर्षांची, गोलकीपर. निवड झाली तर राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथंच होणार होतं. नाही झाली, तर पुढच्या वर्षी वय बसत नव्हतं. आज दुपारचा डबासुद्धा पूर्णिमानं न उघडता परत आणला होता.

"या वैनी, बसा. पोरगी पास झाली म्हणून समजा," भाभी संगणकावरची नजर न हलवता म्हणाल्या.

नवऱ्याची, दिलदारभाईंची, नजर अधू झाल्यावर भाभींनी कॅमेरा खांद्यावर घेतला. सुरुवातीला मांडवातल्या बायका कुजबुजायच्या, बाई शूटिंग करतीया! आता त्याच बायका आपल्या पोरींच्या लग्नाची तारीख आधी भाभींना विचारतात. फुटबॉलचा हंगाम आला की भाभी मैदानावर. गॅलरीतून पोरं ओरडतात, "भाभी, हिकडं!" आणि भाभी कॅमेरा गर्दीवरून फिरवतात. एखाद्या तालमीच्या संघाची पोरं दिसायची राहिली, की ती हंगामभर रुसून बसतात. दुकानाच्या पाटीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'फोर-के शूटिंग'.

भाभींनी व्हिडिओ लावला. क्रांती गोलपोस्टात उभी होती तोवर चित्र लख्ख होतं. समोरच्या पोरीनं फटका मारला, क्रांतीनं झेप घेतली आणि पडद्यावर नुसती चौकोनी ठिगळं उमटली. हात कुठले, माती कुठली, काही कळेना.

"भाभी, हे काय?"

"फोर-के हाय की!"

"फोर-के आहे, पण चेंडू कुठंय?"

"असंल की तिथंच. मैदान सोडून कुठं जातोय?"

पण भाभींचा आवाज उतरला होता. त्यांनी कॅमेऱ्यातलं मूळ चित्रण लावून फटक्यापाशीच थांबवलं. त्यात चेंडूवरची शिवणसुद्धा दिसत होती.

"मग बिघडलं कुठं?" पूर्णिमाला बसवेना. ती खिडकीपर्यंत जाऊन परत आली.

"अकादमीनं फाईल शंभर एमबीचीच मागितलीया न्हवं? म्हंजे रंगाचा डबा एवढासाच. फोर-के म्हंजे ही एवढी थोरली भिंत. पातळ हात बसतोय. माणूस उभं असतं तवर चालतंय. पळायला लागलं, की दर क्षणाला भिंत नव्यानं रंगवायची. रंग पुरंल कुठनं?"

"मग भिंत लहान करा."

"फोर-केचं सातशेवीस करू?" भाभी खुर्चीतून उठल्याच. "माझ्या दारावर काय लिवलंय, वाचलं न्हाईसा व्हय? पेठंत कळलं तर?"

"पेठेत कोण सांगतंय?"

"हे हायत की!"

कोपऱ्यात चहा पिणारे दिलदारभाई म्हणाले, "मला दोन्ही सारखंच दिसतंय. मी कशाला सांगू?"

भाभी हसल्या आणि बसल्या. चित्राचा आकार त्यांनी लहान केला. वरची गॅलरी कापताना मात्र त्यांचा हात घुटमळला. "निम्मा रंग तर ह्या झेंड्यांवर आन् उधळल्याल्या कागदांवर जातोय. आज नाचू द्या त्यास्नी बाहीर."

नवी फाईल तयार होईपर्यंत पूर्णिमानं पदराच्या टोकाला दहा गाठी मारल्या आणि सोडल्या. मग चित्र सुरू झालं. पहिल्यापेक्षा लहान, पण स्वच्छ. फटका आला, क्रांती झेपावली, चेंडू तिच्या हातात आला आणि निसटला. गोलरेषेच्या अलीकडं पडला. पोरीनं पडल्या पडल्या अंग फेकून तो पुन्हा पोटाशी धरला.

पूर्णिमा पडद्याजवळ वाकली. हे तिला मैदानावरून दिसलंच नव्हतं. पहिल्या फाईलमध्येही दिसत नव्हतं.

"भाभी, पहिलीच पाठवूया."

"चेंडू न दिसणारी?"

"सुटलेला तरी दिसत नाही त्यात."

भाभींनी दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघडल्या. तेवढ्यात जिन्यावर धपधप पावलं वाजली आणि सरावावरून क्रांती तशीच आली, गुडघ्यापर्यंत लाल मातीनं माखलेली. तिनं दोन्ही फाईली उभ्या उभ्याच पाहिल्या.

"ही दुसरी पाठवा, चाची," ती भाभींना म्हणाली.

"अगं, हातातून सुटलेला दिसतोय त्यात," पूर्णिमा म्हणाली.

"सुटलाय, म्हणून तर परत धरलेला दिसतोय की. पहिलीत मी नुस्ती पडलेलीच दिसत्या."

"आणि ते तेवढंच धरून बसले तर?"

"बसू दे. तिथं गेल्यावर काय रोज पुसटच दिसणार हाय व्हय मी?"

 पूर्णिमानं घड्याळाकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढून 'पाठवा'वर बोट ठेवलं.  मग तिनं दाबलं.

पडद्यावरची पट्टी निम्म्यावर जाऊन थबकली. भाभींनी वायर हलवली, दिलदारभाईंनी चहा खाली ठेवला. पट्टी पुन्हा सरकली आणि फाईल गेली. अजून सहा वाजले नव्हते. उत्तर आठवड्यानं येणार होतं.

"आता तरी घोटभर चहा घ्या, वैनी."

"घेते. आधी तेवढं एकदा परत लावा."

भाभींनी लावलं. फटका आला, क्रांती झेपावली, चेंडू हातातून सुटला आणि खुर्चीत बसलेल्या पूर्णिमाचे दोन्ही हात झपकन पुढं गेले.